पंखा फिरतो, पण कॉम्प्युटर उठत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: ‘घरचा कॉम्प्युटर चालू होत नाहीये, काय गेलं असेल?’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘विंडोज नवीन टाकावं लागेल का?’ दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे: एवढ्यात नाही. पहिल्यावर मात्र उलट विचारावं लागतं, चालू होत नाही म्हणजे नेमका कुठे अडतो?

बटण दाबलं की आधी एसएमपीएस (पेटीतली वीज पुरवणारी डबी) वीज देतो. मग मदरबोर्डवरचा बायोस (सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम) प्रोसेसर, रॅम आणि डिस्प्ले तपासून घेतो. ते जमलं की डिस्कवरचा बूटलोडर, म्हणजे विंडोजला उठवणारा प्रोग्राम, शोधतो आणि पुढचा कारभार विंडोजच्या हाती देतो. पंखाच फिरत नसेल तर त्यात विंडोजचा काही संबंध नाही, ते अजून या गावात आलेलंच नाही. तरीही दुकानात पेटी पोचली की ‘फॉरमॅट मारून बघू’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं.

पेटी अगदीच मुकी असेल, ना दिवा ना पंखा, तर सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग यूपीएस आणि स्पाइक गार्ड दोन्ही वगळून वायर थेट भिंतीत लावा. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षांत दमते, आणि काही यूपीएस बॅटरी मेली की लाइट असूनही चालू होत नाहीत. बिचाऱ्या कॉम्प्युटरवर उगाच आळ येतो. एसएमपीएसच्या मागे छोटा स्विच असतो. रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू, गोलाची म्हणजे बंद. झाडलोट करताना तो हमखास दाबला जातो. एवढं करूनही काही नाही, तर वायर काढा, समोरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि पुन्हा लावा. हा उपाय ऐकायला अंगाऱ्यासारखा वाटतो, पण अनेकदा लागू पडतो.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्याचं कारणही आधी समजून घ्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर पत्र्यावर 230 च्या निम्मे, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा, पण टेस्टरचा दिवा लागतो. इलाज पेटीत नाही, वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेण्यात आहे.

आता पेटी उघडायची. पॉवर बटणाची दोन वायरींची टोपी मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसलेली असते. ती काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. चालू झाला तर बिघाड फक्त बटणाचा. नवीन कॅबिनेट घ्यायची गरज नाही. रीसेट बटणाची टोपी त्या जागी लावा, दोन्ही बटणं आतून सारखीच असतात.

तरीही शांतता असेल तर पाळी एसएमपीएसची. वायर भिंतीतून काढा, मदरबोर्डचा 24 पिनांचा कनेक्टर सोडवा. त्यातल्या हिरव्या वायरीची पिन आणि शेजारच्या कोणत्याही काळ्या वायरीची पिन कागदाच्या क्लिपने जोडा, मग वीज द्या. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं मात्र समजू नका. मल्टिमीटर लावा: पिवळी आणि काळीमध्ये 11.4 ते 12.6, लाल आणि काळीमध्ये 4.75 ते 5.25, नारिंगी आणि काळीमध्ये साधारण 3.14 ते 3.46 व्होल्ट हवेत. यातही एक मेख आहे. भार नसताना आकडे नीट दिसतात आणि भार पडला की कोसळतात, म्हणून खात्री हवी असेल तर शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस तासभर उसना आणा. सगळ्या वायरी काळ्या असलेला एसएमपीएस असेल आणि पिना मोजता येत नसतील, तर हा प्रयोग सोडून द्या. आणि एसएमपीएसची डबी स्वतः उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सवातीनशे व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ राहू शकतात.

जास्त डोकं खातो तो दुसरा प्रकार: पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळा. इथे आधी की-बोर्डचं नम लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? मग कॉम्प्युटर जागा आहे, भानगड मॉनिटर किंवा केबलची. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डात हवी, मदरबोर्डच्या भोकात नव्हे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं, उदाहरणार्थ आय5-12400एफ, त्यात डिस्प्लेची सोयच नसते. त्यात कार्डाशिवाय चित्र यायचंच नाही.

नम लॉकही मेलेलं असेल तर प्रोसेसरशेजारचा चार किंवा आठ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर पाहा. तो सैल असला तरी पंखे मजेत फिरतात आणि बाकी काही घडत नाही. तो ठीक असेल तर रॅम. आपल्याकडच्या दमट हवेत, कोकणात तर पावसाळाभर, रॅमच्या सोनेरी पट्ट्या आणि स्लॉटचे काटे यांच्यात मळ-ओलाव्याचा पापुद्रा धरतो आणि जोड तुटतो. वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून रॅम सरळ वर काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा. चुरा स्लॉटवर नव्हे, बाजूला झटका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते जास्त चांगलं, कारण खोडरबर दर वेळी सोन्याचा मुलामा थोडा झिजवतो. दर महिन्याला रॅम घासणं ही सेवा नव्हे, छळ आहे. परत बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा. ‘टक्’ असा आवाज येऊन खिटी आपोआप मिटली पाहिजे. आवाज आला नाही म्हणजे रॅम बसलेली नाही, वरून कितीही सरळ दिसो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. चार स्लॉट असतील तर एकटी रॅम बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात.

इथे छोटा बझर फार कामाला येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो, मदरबोर्डवरच्या स्पीकरच्या पिनांवर लावायचा. मग सगळ्या रॅम काढून मुद्दाम चालू करा. बोर्ड ओरडला, तर बरं झालं: बोर्ड, प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत, रॅमकडे बघा. गप्प राहिला, तर संशय बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसवर जातो. नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार बारीक दिवे असतात. जो लागून राहील तिथे गाडी अडलेली.

यानंतर बायोस रीसेट. वायर काढून सीआर2032 हा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून ठेवायचा. पण त्याआधी एक गोष्ट बघा. विंडोज 11 च्या बऱ्याच मशीनवर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताही नसतो. बायोसची सेटिंग बदलली की विंडोज त्या कुलपाची 48 आकडी किल्ली, बिटलॉकर रिकव्हरी की, मागू शकतं. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून लॉगिन करून आधी उतरवून घ्या, मग सेलला हात लावा. आणखी एक: डीडीआर5 रॅमचं मशीन रीसेटनंतर पहिल्यांदा उठताना काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर बसू शकतं. रॅमची जुळवाजुळव चाललेली असते. घाबरून बटण दाबलंत की पुन्हा पहिल्यापासून.

तिसरा प्रकार: कंपनीचा लोगो येतो, मग ‘नो बूटेबल डिव्हाइस’. मागे राहिलेला पेनड्राइव्ह काढा. हसू नका, फार जणांचं काम इथेच होतं. नाहीतर बायोसमध्ये जा (डिलीट किंवा एफ2) आणि डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर साटा केबल बदला, एम.2 एसएसडी असेल तर स्क्रू सोडून पुन्हा बसवा. दिसत असेल तर बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिलं आणा. घड्याळही चुकलेलं असेल तर सेल संपलाय. सेटिंग पुसली जाऊन साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय आणि रेड (RAID) यांच्यात उलटला, की चांगलं विंडोजही निळा स्क्रीन दाखवतं. मोड पूर्वीसारखा केला की सुटतं.

लोगोखाली टिंबं गोल फिरत राहत असतील, तर तेव्हा विंडोजचा नंबर. चालू होताना बटण दाबून दोन-तीनदा बंद केलं की ते स्वतःच दुरुस्तीचा स्क्रीन आणतं. तिथे आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचा अपडेट काढणं, मग सेफ मोड. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज मशीन आडवी पडली. ती ऑफिसांची होती, घरची नव्हेत, पण सुटका अशीच: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं.

डिस्क ‘टिक-टिक’ करत असेल किंवा फोल्डर उघडायला मिनिटं लागत असतील, तर रिपेअर, चेकडिस्क काहीच चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला त्यात शेवटची धावपळ होते. दुसऱ्या मशीनवर 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण मोफत सिस्टीम) तयार करा, त्यावरून ‘ट्राय उबुंटू’ने चालू करा आणि फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आधी जे पुन्हा मिळणार नाही ते, सिनेमे सगळ्यात शेवटी. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर इथेही तीच 48 आकडी की लागेल.