तुम्ही विचारलंत म्हणून : राजेंद्रबाबूच का?

व्याख्यान संपले की, किंवा घरी आलेल्या कोणाची नजर आतल्या खोलीतल्या खोक्यांवर गेली की, एक प्रश्न हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, रोख तोच असतो : डॉ. राजेंद्रप्रसादांविषयीचे कागद जमवण्यात तुम्ही सारी हयात घालवलीत, ती कशासाठी? विचारणाऱ्याच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, पण तो भिडेखातर ओठांवर येत नाही. गांधी, नेहरू, पटेल, आंबेडकर अशी माणसे समोर असताना नेमके हेच का? आजवर मी ‘आवड’ एवढेच सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर खरे नव्हते, म्हणून आता सविस्तर लिहितो.

सुरुवात आवडीतून झालीच नाही. १९७६ साली मी राज्यशास्त्राचा संशोधक विद्यार्थी होतो आणि राष्ट्रपतींचे अधिकार हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्या वर्षाच्या अखेरीस बेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागले पाहिजे, हे अनुच्छेद ७४ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. त्याआधी त्या अनुच्छेदात, राष्ट्रपतींना साहाय्य करण्यासाठी आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, इतकेच म्हटले होते. सल्ला बंधनकारक आहे की नाही, याविषयी मजकूर मौन बाळगून होता. माझ्या मार्गदर्शकांनी मला सांगितले, की दुरुस्तीचे नंतर पाहू, हा प्रश्न मुळात कोणाला आणि कधी पडला ते आधी शोधून काढ. शोधायला फार लांब जावे लागले नाही. तो पहिल्या राष्ट्रपतींनाच पडला होता, आणि एकदा नव्हे, तीनदा.

पहिल्यांदा २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. राजेंद्रबाबू तेव्हा संविधान सभेचे अध्यक्ष होते आणि संविधान स्वीकारले जाण्याआधीच्या समारोपाच्या भाषणात त्यांनी हा मुद्दा स्वतःहून काढला. सल्ला बंधनकारक करणारी तरतूद आपल्या माहितीप्रमाणे संविधानात नाही, पण इंग्लंडचा राजा मंत्र्यांच्या सल्ल्याने चालतो तसाच संकेत इथेही रुजेल अशी आशा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्यांदा सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदूंच्या विवाह, वारसा वगैरेंविषयीचे कायदे बदलणाऱ्या हिंदू कोड बिलाच्या वेळी. प्रौढ मतदानाने न निवडलेल्या हंगामी संसदेने इतका मूलगामी कायदा करू नये, असे त्यांचे मत होते, आणि या बाबतीत आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ शकतो असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहून कळवले. नेहरूंनी महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा सल्ला घेतला. दोघांनीही राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत असे सांगितले. तिसऱ्यांदा २८ नोव्हेंबर १९६० रोजी, दिल्लीत इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीच्या पायाभरणीच्या वेळी : आपल्या राष्ट्रपतींचे अधिकार आणि ब्रिटिश राजाचे अधिकार यांत नेमका फरक किती, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास कायदेतज्ज्ञांनी करावा, असे त्यांनी सुचवले आणि त्यावरून मोठे वादळ उठले.

या तीन प्रसंगांभोवतीचे कागद प्रबंधासाठी जमवायला लागलो. प्रबंध पाच वर्षांत संपला, कागद संपले नाहीत.

आता कबुलीचा भाग. पहिली दहा-बारा वर्षे मी जे करत होतो त्याला संग्रह म्हणता येणार नाही. तो देव्हारा होता. संशोधन करता करता मी त्या माणसाच्या प्रेमात पडलो होतो. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा ते कैदेतच होते, दोन दिवसांनी त्यांची सुटका झाली, आणि दम्याने ते बेजार होते; तशाच अवस्थेत त्यांनी मदतकार्य उभे केले आणि हिशेब पाहण्यासाठी गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांना बोलावून घेतले. त्या निधीची एक पावती माझ्याकडे आहे. रक्कम सव्वा रुपया, शाई तपकिरी पडलेली, आणि कोपऱ्यात टाचणीने पाडलेली दोन भोके, म्हणजे ती कुठल्यातरी हिशेबाला जोडली गेली होती. सव्वा रुपयाचीही पोच देणारा माणूस मला थोर वाटला आणि आजही वाटतो. पण त्या भरात मी टीकेची कात्रणे जमवलीच नाहीत. रद्दीच्या दुकानात समोर आलेले विरोधी अग्रलेख वाचून मी परत ढिगात सरकवले आहेत. ते कोणते होते, कोणाचे होते, आता काही आठवत नाही, आणि संग्राहक म्हणून माझ्या हातून घडलेली ही सर्वांत मोठी चूक आहे.

त्याखालोखालची चूक अधिक बाळबोध आहे. कात्रण कापताना वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख मी कैक वेळा लिहिली नाही, कारण ते आपल्या लक्षात राहील अशी तरुण माणसाची समजूत असते. शिवाय कात्रणे खळीने वहीत चिकटवली. खळ कसरीला प्रिय, त्यामुळे काही पानांवर आज मथळा शाबूत आहे आणि मजकुराची चाळण झाली आहे. जी चिकटवायची राहून गेली ती मात्र वाचली, आणि त्यांतल्याच एकाने माझे डोळे उघडले.

तो एक मराठी अग्रलेख होता. राष्ट्रपतींनी आपल्या अधिकारांची चर्चा पदावर असतानाच जाहीरपणे उकरून काढावी हे औचित्याला धरून नाही, असे त्यात बऱ्यापैकी कडक भाषेत म्हटले होते. वर तारीख नाही, नाव नाही. उलटून पाहिले तर मागे एका नाटकाची जाहिरात, कात्रीने मधोमध कापलेली : नाटकाचे नाव गेलेले, खाली ‘रविवार, ता. ११’ एवढेच शिल्लक. जुने पंचांग काढले. दिल्लीतल्या भाषणानंतरचा, अकरा तारखेला आलेला पहिला रविवार म्हणजे ११ डिसेंबर १९६०. अग्रलेख जागेवर बसला. तो १९४९ च्या भाषणाच्या प्रतीशेजारी ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले, की अग्रलेखकार राजेंद्रबाबूंना जे सुनावत होता ते राजेंद्रबाबूंनी स्वतःच अकरा वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. मी आजवर कागद विषयवार लावत आलो होतो : भूकंप, तुरुंगवास, साधेपणा, विद्वत्ता. ते सगळे मोडून तारखांप्रमाणे लावायला घेतले. त्यात दीड वर्ष गेले आणि माझा देव्हारा मोडला.

तारखांप्रमाणे लावलेल्या कागदांत एक जागा मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवतो. सप्टेंबर १९५१ च्या पत्रव्यवहारानंतर, मधली बरीच पाकिटे ओलांडली की, हिंदू विवाह कायदा येतो, १८ मे १९५५, आणि पुढे हिंदू उत्तराधिकार कायदा, १७ जून १९५६. दोन्हींना संमती राजेंद्रप्रसादांची. ज्या महिन्यात त्यांनी नेहरूंना ते पत्र लिहिले त्याच महिन्यात डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता, आणि हिंदू कोड बिल रखडले हे त्याचे एक मोठे कारण होते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ते पाकीट उघडताना राजेंद्रबाबूंची बाजू घेणे अवघड जाते. मी ती घेतही नाही. त्यांचे त्या बिलाविषयीचे मत चुकीचे होते, असेच मला वाटते. पण दरम्यान निवडणुका झाल्या, निवडून आलेल्या संसदेने कायदे केले आणि त्यांनी संमती दिली. १९४९ मध्ये ज्याची आशा त्यांनी व्यक्त केली होती तो संकेत त्यांनी स्वतःच्या मताविरुद्ध जाऊन पाळला, आणि १९६० मध्ये पुन्हा तोच प्रश्न उपस्थित केला. हे सगळे एकाच माणसाचे आहे. ‘हेच का’ याचे माझे उत्तर इथे आहे. मजकुरात मोकळी राहिलेली जागा पहिल्यांदा ज्याच्या वाट्याला येते तो तिथे कसा उभा राहतो, कुठे अडखळतो, कुठे मागे सरतो, हे पाहायचे तर पहिलाच माणूस पाहावा लागतो. आणि राष्ट्रपतिपदावर सव्वाबारा वर्षे राहिलेला तोच एक आहे.

सोमनाथाच्या पाकिटाविषयी फार लिहीत नाही. पुन्हा बांधलेल्या सोमनाथ मंदिराच्या मे १९५१ मधल्या प्राणप्रतिष्ठेच्या समारंभाला राष्ट्रपतींनी जावे की नाही यावरून नेहरूंशी झालेला मतभेद सर्वांना ठाऊक आहे. दोन्ही बाजूंची माणसे येतात, आपल्याला हवे तेवढे एक पत्र पाहतात आणि चहा न घेता निघून जातात.

सगळे तर खंडांमध्ये छापले गेले आहे, मग हे खोकीभर कागद कशाला, असेही विचारतात. छापील खंड माझ्याकडे आहेत आणि त्यांच्यावाचून माझे पान हलत नाही. मूळ पत्रे माझ्याकडे नाहीतच. आहेत त्या छायाप्रती. पण छापताना समास जातो, खाडाखोड जाते, जागा जाते. संविधानाच्या हस्तलिखित प्रतीवरचे सह्यांचे पान पाहा. सभेचे अध्यक्ष म्हणून राजेंद्रबाबूंची सही ठळक असायला हवी होती. ती नेहरूंच्या सहीच्या वर, मजकुराखाली उरलेल्या चिंचोळ्या जागेत तिरकी बसली आहे. सदस्यांची नावे छापून टाकली तर ही गोष्ट कोणाला कळणार? तिच्यातून कोणी स्वभावाचे निदान करतात, ते मी करत नाही. सही तिरकी आहे, इतके मात्र पाहिले पाहिजे.

उलट काही गोष्टी सगळीकडे छापलेल्या असतात आणि कागद मात्र सापडत नाही. परीक्षकाने त्यांच्या उत्तरपत्रिकेवर ‘परीक्षार्थी परीक्षकापेक्षा सरस आहे’ असा शेरा लिहिला, ही कथा मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितली आहे. १९०२ साली कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत ते पहिले आले, याला आधार आहे. ती उत्तरपत्रिका पाहिलेला माणूस मला इतक्या वर्षांत भेटलेला नाही. कथेचे एक पाकीट केले आहे आणि त्यावर ‘ऐकीव’ असे लिहिले आहे. ते वाचून काही जण दुखावतात.

तिकिटांचे विचारतात, म्हणून तेही. १९६२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. हयात माणसाचे तिकीट निघणे हे विरळाच; आपल्या महर्षी कर्व्यांना तो मान १९५८ मध्ये मिळाला होता. मात्र तिकिटे गोळा करणारे माझ्यापेक्षा कितीतरी जाणते आहेत, आणि माझ्याकडची तिकिटे वापरलेली, शिक्के बसलेली आहेत.

राहिला तुमच्यानंतर काय हा प्रश्न, जो विचारणारे आवाज खाली आणून विचारतात. कागद एका ग्रंथालयाला द्यायचे ठरले आहे. माझी अट एकच आहे, की तारखांचा क्रम मोडून पुन्हा विषयवार लावू नयेत. त्यांची अट अशी, की यादी पूर्ण असावी आणि कागदांत गंजलेली टाचणी राहू नये. ती रास्त आहे. सत्तेचाळीस खोक्यांपैकी एकतीस झाली आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी टाचण्या काढत बसलेला असतो. पाहायचे असेल तर तेव्हा यावे, आणि हात धुऊन यावे.