पोरीला कुणी शिकवलं

४ मे, रात्री

पोरीला कुणी शिकवलं, असं तोंडाने कुणी म्हटलं नाही. पण तिने जेवताना आजीला "ओमा, तुझे बाबा त्या यादीत आहेत का?" विचारल्याबरोबर दीर माझ्याकडे बघायला लागले. जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. सासूबाई "कॉफी कोण घेणार?" म्हणत उठल्या. सगळ्यांचे कप भरलेले होते.

शाळेत विषय निघाला असेल. २०२५ च्या जानेवारीत यादी नेटवर आली, तेव्हापासून नेदरलँड्समध्ये ती कुणाला माहीत नाही? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना साथ दिल्याचा संशय होता अशी ४ लाख २५ हजार नावं. नाव टाकलं की जन्मतारीख, जन्मगाव, फाइलचा नंबर. आतले कागद मात्र हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊनच बघायचे. तेही नेटवर यायचे होते, पण खासगी माहितीचा कायदा आडवा आला. आणि नाव आहे म्हणजे गुन्हा केलाच असंही नाही, बहुतेकांवर खटला उभाच राहिला नाही. हे मी तिथल्या तिथे सांगू शकले असते. पण मग तर माझंच शिकवणं ठरलं असतं.

सुनेने यात तोंड घालायचं नाही, हे मला कधी कुणी सांगितलेलं नाही. तरी किती पक्कं माहीत आहे! दरवर्षी आज, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी, रात्री आठ वाजता सासरच्यांबरोबर मान खाली घालून दोन मिनिटं उभी राहते. रडायला मी चालते. विचारायला नाही. बरं, आज विचारलं तेही मी नाही, आणि तरी नजरा माझ्याकडेच.

विचारायचं तरी काय? इथले जवळजवळ तीन-चतुर्थांश ज्यू मारले गेले. नोंदी इथल्याच कारकुनांच्या, घरातून उचलायला इथले पोलीस, न्यायला इथली रेल्वे, आणि तिने त्याचं भाडंही घेतलं. रेल्वेने माफी मागितली २००५ ला, सरकारने २०२० ला. तरी कुठल्याही घरी जा, आजोबा भूमिगत चळवळीत. माळ्यावर कुणीतरी लपवलेलं असतंच. एवढे माळे खरंच असते तर...

नवरा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आज नको होतं." मग कधी? विचारलं नाही. भांडी जरा जास्तच जोरात घासली. परक्या देशात संसार केला की अशी भांडी घासावी लागतात, वगैरे वगैरे. डोळ्यांत पाणीसुद्धा आणून झालं.

आणि मग एकदम वाड्यातली खापरपणजोबांची तसबीर आठवली. फेटा, छातीवर सरकारी पदक. खालच्या पाटीवर 'रावबहादूर' आहे. पण चंदनाचा हार असा बेताने बसवलाय की नुसतं नाव दिसतं. हार काढून पुसायचं काम आजीने कधी गड्याला दिलं नाही. इंग्रजांनी पदवी कशाबद्दल दिली, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "अगं, ते आतून चळवळीला मदत करायचे." आतून! आमच्याकडे अशी यादीबिदी कुणी काढली नाही, म्हणून आजी सुखाने गेली. तिचं आणि सासूबाईंचं मस्त जमलं असतं.

झोपताना पोरगी विचारत होती, हेगला जायला वयाची अट असते का. म्हटलं, बाबांना विचार.