जुन्या ट्रकला ट्यूनिंग करून घ्यावं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"गाडी जुनी झालीय, चढाला बसते, ॲव्हरेज पडलंय. ट्यूनिंग करून घेऊ का?"

साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी हा प्रश्न येतो आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर पुन्हा येतो. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच ऐकायचं असतं. मी तसं सांगत नाही म्हणून काहीजण नाराज होतात. काहीजण तर म्हणतात, पंप-नोझलवाल्याला कॉम्प्युटरचं काम नकोच असणार, त्याचा धंदा बसतो ना. हे मला लागतं, कारण पंप तपासायचा बेंच आणि ट्यूनिंगचा लॅपटॉप दोन्ही माझ्याकडे आहेत आणि ट्यूनिंग केलं तर मला पैसेच मिळतात. एकदाचं सगळं लिहून टाकतो.

ट्यूनिंग म्हणजे इंजिनाला डिझेल किती आणि कधी मिळतं ते सेटिंग बदलणं. आधी गाडीत ट्यूनिंग करण्यासारखं काय आहे ते बघा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी नियम. बीएस-२, बीएस-३ काळातल्या १६१३, २५१५, २५१८ अशा मॉडेलच्या बहुतेक गाड्यांना इनलाइन पंप आहे. डिझेल किती सोडायचं हे तिथे पंपातले गव्हर्नर आणि रॅक हे यांत्रिक भाग ठरवतात, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर नाही. मग कॉम्प्युटरमधली सेटिंगची फाइल कशाची बदलणार? लेलँडने तर बीएस-४मध्येही कित्येक इंजिनांना इनलाइन पंपच ठेवून आयईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवायची व्यवस्था) दिलं. त्यामुळे नुसतं वर्ष सांगू नका, पंप बघा. पंपातूनच प्रत्येक नोझलला वेगळी नळी जात असेल तर तो जुना पंप. पंपातून डिझेल आधी एका जाड आडव्या रेलमध्ये आणि तिथून इंजेक्टरला जात असेल, इंजेक्टरवर वायरिंगही असेल, तर कॉमन रेल. लॅपटॉपचं काम दुसऱ्या प्रकारातच.

जुन्या पंपाचं ट्यूनिंग म्हणजे पंप उतरवून बेंचवर घेणं. पंपाच्या पट्टीवरच्या नंबरवरून कॅलिब्रेशनचे आकडे काढायचे, ठरलेल्या आरपीएमला प्रत्येक एलिमेंटची, म्हणजे एकेका सिलिंडरला डिझेल देणाऱ्या भागाची, डिलिव्हरी काचेच्या नळीत मोजायची, सहाही सारख्या करायच्या, गव्हर्नर कुठे डिझेल तोडतो ते बघायचं, सील मारायचं आणि टायमिंग लावून पंप चढवायचा. एवढ्याने गाडीची मूळ ताकद परत येते. रस्त्यावर जे "पंप वाढवून देतो" म्हणतात ते यातलं काहीच करत नाहीत. ते पंप जागेवर ठेवून फुल लोडचा स्क्रू फिरवतात.

स्क्रू फिरवला की डिझेल वाढतं, हवा वाढत नाही. १ किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि काळा धूर नको असेल तर प्रत्यक्षात १८ ते २० किलो. हवा कमी पडली की जादा डिझेल उशिरा आणि अर्धवट जळतं. त्याची उष्णता चाकाकडे न जाता पिस्टन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि टर्बो खातात. त्यात आपला उन्हाळा. २५ अंशांची हवा ४३ अंशांना गेली की साधारण ६ टक्क्यांनी विरळ होते. थंडीत लावलेला आणि थंडीत बरा वाटलेला पंप एप्रिल-मेमध्ये तसाच बरा राहत नाही.

मी इतका हट्टाने बोलतो त्याला एक गाडी कारण आहे. दहा चाकी, कमिन्सचं ६बीटी, टर्बो इंटरकूलर. हंगामात ऊस, हंगाम संपला की जालन्याची सळई. मालकाची तक्रार नेहमीचीच होती: पहिल्यासारखी ओढत नाही. एका ठिकाणी सील तोडून स्क्रू फिरवला आणि एलडीएचं सेटिंगही हलवलं. गाडी उठली. काळा धूर येत होता, पण ताकद वाढली की धूर येणारच, असं मालकाला सांगण्यात आलं.

एलडीए म्हणजे गव्हर्नरवरची ती डबी, जिला इनटेक मॅनिफोल्डकडून एक बारीक नळी येते. टर्बोचा दाब तयार झाला की आतला डायफ्रॅम दबतो आणि तेव्हाच पंप पूर्ण डिझेल सोडतो. दाब नसेल तर पंप हात आखडता घेतो. म्हणजे त्या गाडीचा पंप बिघडला नव्हता. हवा येत नाही हे ओळखून तो डिझेल कमी सोडत होता, म्हणून गाडी बसत होती. सेटिंग हलवून ती राखणच काढून टाकली.

एप्रिलात भर दुपारी सळई भरून गाडी बीडच्या पुढे मांजरसुंब्याचा घाट चढत होती. आधी पिकअप गेला, मग ब्रिदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडायच्या नळीतून) धुराचा लोट आला, मग ठोका. हेड उतरवलं तेव्हा पाच नंबरच्या पिस्टनची कड एका बाजूने वितळून खाली ओघळलेली होती. वरची रिंग खाचेत अडकलेली. वितळलेलं ॲल्युमिनियम बोअरला उभ्या रेघांनी चिकटलेलं; नख फिरवलं तर अडकत होतं. पिस्टनवर खालून ऑइल मारणारं जेट तपासलं, मोकळं होतं. पाणी पुरेसं होतं. नोझल काढून टेस्टरवर लावला, टपकत नव्हता.

कारण खाली सापडलं. इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजला खालच्या अंगाने, क्लॅम्पच्या जवळ, बोटभर उभी चीर होती. तेल आणि धुळीचा थर बसल्याने ती दिसत नव्हती, आणि इंजिन रिकामं चालू ठेवलं तर मिटून राहायची. दोन्ही टोकं बंद करून आत १ बार हवा भरली आणि साबणाचं पाणी सोडलं, तेव्हा फेस आला. भरल्या गाडीत चढाला दाब वाढला की चीर उघडायची आणि टर्बोने दाबलेली हवा रस्त्यावर जायची. त्यात फिल्टर उसाच्या फडातल्या मातीने भरलेला, पुन्हा पुन्हा कॉम्प्रेसरने झटकून वापरलेला.

६बीटीला लाइनर म्हणजे बदलता येणाऱ्या नळ्या नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. त्यामुळे एक बोअर गेला तरी लाइनर बदलून भागत नाही. ब्लॉक बोअरिंगला जातो, ओव्हरसाइज पिस्टन घ्यावे लागतात, आणि एवढं उघडल्यावर क्रँक, बेअरिंग, टर्बो बघावंच लागतं. एका रबरी होजपायी एवढं सगळं. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता थांबला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, ड्रायव्हरने गाडी ताणली म्हणून त्याचे पैसे कापले गेले. तो खालच्या गिअरमध्येच चढवत होता. त्याची काडीचीही चूक नव्हती. पिस्टन आणि होज समोर ठेवून मी ते मालकाला दाखवलं, तरी कापलेले पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून ट्यूनिंगचा विषय काढला की मी होज विचारतो. लोकांना वाटतं मी टाळतोय. टाळत नाही. आधी फिल्टर आणि तो किती तुंबलाय ते दाखवणारा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर बघायचा. मग सगळ्या होजना आणि इंटरकूलरला हवा भरून साबणाचं पाणी. मग बूस्टचं, म्हणजे टर्बोच्या दाबाचं घड्याळ लावून भरल्या गाडीत चढावर दाब बघायचा. रिकाम्या गाडीत रेस करून बघितलेल्या दाबाला अर्थ नाही. थंड इंजिनवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, ६बीटीला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० मिलिमीटर. ब्रिदर किती मारतो ते. नोझल किती दाबाला उघडतो आणि फवारा कसा मारतो ते. एवढं झाल्यावर पंप. आणि इंजिनाकडे बोट दाखवायच्या आधी, पन्नासेक किलोमीटर चालवून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एकच हब जास्त तापला असेल तर ब्रेक धरतोय, आणि ते डिझेल कुठल्याच ट्यूनिंगने वाचत नाही. टायरमधली हवा आणि मागच्या एक्सलचं अलाइनमेंटही तितकंच डिझेल खातं, पण त्यासाठी कोणी मला फोन करत नाही.

आता कॉमन रेलवाल्यांसाठी. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं, म्हणजे त्या गाड्याही आता जुन्यात जमा होतायत. यांचं कस्टम ट्यूनिंग खरोखर होतं. पण कस्टम म्हणजे तुमच्या गाडीचं. पेनड्राइव्हवरून तयार फाइल टाकून अर्ध्या तासात गाडी सोडली तर ते कस्टम नाही. आधी इंजेक्टरची रिटर्न टेस्ट: प्रत्येकाची परत येणारी नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. इंजेक्टर बदलला तर त्यावरचा कोड ईसीयूत टाकायचा. मूळ फाइल वाचून जपून ठेवायची, आणि तिची एक प्रत मालकाला द्यायची. मग भरली गाडी चढावर नेऊन लॉग घ्यायचा: रेलचा मागितलेला आणि मिळालेला दाब, बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, पाण्याचं तापमान. मागितलेलं आणि मिळालेलं यात आत्ताच फरक असेल तर फाइलला हात लावू नका, आधी फरक काढा. शिवाय टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये तापमानाचा सेन्सर हवा. बराच वेळ ७०० अंशांच्या वर राहत असेल तर डिझेल कमी करायचं, ड्रायव्हर कितीही खुश असला तरी.

रेल सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये लावायचे जे बॉक्स मिळतात ते मी लावत नाही. ते ईसीयूला दाब कमी आहे असं खोटंच सांगतात, म्हणून ईसीयू दाब वाढवतो. जुन्या पंपावर आणि इंजेक्टरवर तो भार कशाला? धूर कमी करणारी युरियाची किंवा ईजीआरची यंत्रणा बंद करून देण्याचंही काम मी घेत नाही. ते बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. दंड राहू द्या, तो धूर टोलनाक्यावरच्या पोरांच्या आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. पीयूसीच्या मशीनवर बीएस-३पर्यंतच्या डिझेल गाडीला ६५ हार्ट्रिजची (धूर मोजायचं एकक) मर्यादा आहे आणि बीएस-४ला ५०ची. ट्यूनिंगनंतर ती फ्री ॲक्सिलरेशन टेस्ट माझ्यासमोर करून घ्या.

आधी मी जुन्या गाडीला ट्यूनिंग नकोच, असं सरसकट सांगायचो. आता तसं म्हणवत नाही. एक्झॉस्टचं तापमान बघत, टॉर्क थोडाच आणि तोही मधल्या आरपीएमला वाढवलेल्या कॉमन रेलच्या गाड्या बरी वर्षं चालताना मी बघतो. गिअर कमी बदलावे लागतात, ड्रायव्हर कमी थकतो, ॲव्हरेज थोडं सुधारलं असं मालक सांगतात. ते खोटं बोलत नसावेत. पण त्यातल्या प्रत्येक गाडीचे होज, फिल्टर, इंजेक्टर, टॅपेट सगळं ट्यूनिंगच्या आधीच नीट झालेलं होतं. मग फायदा फाइलचा की नव्या होजचा? मी स्वतःशी यावर दोन्ही बाजूंनी भांडतो आणि दोन्ही बाजू खऱ्या वाटतात.

पैशाचा हिशोब करून बघा. महिन्याला ६,००० किलोमीटर आणि ४ चं ॲव्हरेज म्हणजे १,५०० लिटर डिझेल. ते ४.२ झालं तर जवळपास ७० लिटर वाचतं. डिझेल ९० रुपये धरलं तर सव्वासहा ते साडेसहा हजार रुपये. आकडा चांगला आहे. पण तोच ०.२ चा फरक नुसता ब्रेक सुटा करून आणि टायरमध्ये हवा भरूनही येऊ शकतो. आणि वाढीव टॉर्क क्लच, क्रॉस आणि क्राउन-पिनियनला सोसावा लागतो. ते मूळ टॉर्कच्या हिशोबाने बनवलेले आहेत आणि गाडीसोबतच जुने झालेत. वर्षाच्या शेवटी क्लच प्लेटचं बिल त्या साडेसहा हजारांतून वजा करायला कोणी बसत नाही.

फरक कुणाचा हे कळायला एकच रस्ता आहे. दुरुस्ती झाली की ट्यूनिंग न करता गाडी चालवायची. त्याच पंपावर, तोंडापर्यंत टाकी भरून, त्याच मार्गावर, तेवढ्याच वजनाने तीन खेपा. किलोमीटरचं मीटर जुन्या गाडीत चुकतं, म्हणून ते मोबाइलच्या जीपीएसशी ताडून. मग ट्यूनिंग, आणि पुन्हा तशाच तीन खेपा. मी हे प्रत्येकाला सांगतो. हंगामात अशा मापासाठी गाडी अडकवायला कोणी तयार नसतो, आणि हंगाम संपल्यावर तेवढं वजन आणि तोच मार्ग मिळत नाही. तुमच्यापैकी कोणी करणार असेल तर दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहून मला आणून दाखवा. आधीच्या तीन खेपांचं माप मी पैसे न घेता करून देईन.