अक्को: मातीखाली राहिलेला किल्ला

लेक इस्रायलमध्ये हैफाला, टेक्निऑन या तंत्रविद्यापीठात संशोधन करते. तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा बॅगेत मेतकूट, भडंग आणि एक किलोची गुळाची ढेप होती. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, आधी काय बघायचं? जेरुसलेम?" मी म्हटलं, "किल्ला. क्रुसेडवाल्यांनी बांधलेला आणि अजून धड उभा असलेला." (क्रुसेडवाले म्हणजे जेरुसलेम मिळवायला युरोपातून आलेल्या ख्रिस्ती फौजा.) ती म्हणाली, "मग अक्को. इथून गाडीनं अर्धा तास."

रविवारी सकाळी निघालो. तिकडे रविवार कामाचा वार, सुट्टी शनिवारची. सुट्टी संपवून तळावर परतणारे कोवळे शिपाई डब्यात होते, कुणी बंदूक मांडीवर आडवी ठेवून झोपलेलं. खिडकीतून कारखाने आणि गोदामं दिसत राहिली. उपसागराला वळसा घालून गाडी उत्तरेला जाते आणि अक्को येतं. हिब्रूत अक्को, अरबीत अक्का, इंग्रजीत एकर. स्टेशनपासून जुनं गाव चालत वीस-पंचवीस मिनिटं. आधी साध्या इमारती आणि भाजीची दुकानं लागतात, मग एकाएकी तटबंदी आडवी येते.

तट बघून मी हरखलो, पण लेकीनं लगेच सांगितलं की हा क्रुसेडचा नव्हे. आज दिसतात ते बहुतेक तट तुर्की अमलातले, अठराव्या शतकातले आणि त्यानंतरचे. १७९९ साली नेपोलियननं याच गावाला दोन महिने वेढा घातला आणि हात हलवत परत गेला. मग क्रुसेडवाल्यांचा किल्ला कुठाय? तर तो पायाखाली आहे.

हे समजायला थोडा इतिहास सांगायला हवा. क्रुसेडवाल्यांनी ११०४ मध्ये हे बंदर घेतलं. ११८७ मध्ये मुस्लिम सुलतान सलाहुद्दीननं ते परत जिंकलं. मग जवळजवळ दोन वर्षांचा वेढा पडला आणि ११९१ च्या जुलैत इंग्लंडचा रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप यांच्या फौजांनी ते पुन्हा घेतलं. जेरुसलेम हातातून गेलेलं असल्यामुळे पुढची शंभर वर्षं त्यांच्या राज्याची राजधानी इथंच होती. जेरुसलेममध्ये आजारी यात्रेकरूंची शुश्रूषा करणारे हॉस्पिटलर नावाचे साधू-सरदारही आपलं ठाणं इथं घेऊन आले. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतलेली ही माणसं रुग्णसेवाही करायची आणि लढायचीही. शेवटी १२९१ च्या एप्रिलमध्ये इजिप्तचा मामलुक सुलतान अल-अशरफ खलील चालून आला. १८ मे रोजी शहर पडलं. गाव इतकं उद्ध्वस्त केलं की पुढची चार-साडेचार शतकं तिथं बहुतेक पडझडच होती. इथल्या एका चर्चची दगडी कमान विजयाची खूण म्हणून कैरोला नेली. ती तिथल्या एका मदरशाच्या दाराला आजही आहे.

अठराव्या शतकात झाहिर अल-उमर या स्थानिक अधिपतीनं गाव पुन्हा वसवलं. त्याच्यामागून अहमद पाशा अल-जझ्झार आला. जझ्झार म्हणजे कसाई, ही त्याची पदवीच होती. या दोघांच्या काळात जुन्या अवशेषांवर नवी गढी उठली. खालची दालनं तशीच पोकळ ठेवली तर वरचं ओझं पेलणार नाही, म्हणून ती दगडमातीनं ठासून भरली. किल्ला वाचवावा असं त्या गवंड्यांच्या मनातही नसणार. त्यांना भक्कम पाया हवा होता, एवढंच. पण त्या भरावामुळेच बाराव्या-तेराव्या शतकातल्या कमानी जागच्या जागी राहिल्या. विसाव्या शतकात, पन्नास-साठच्या दशकांत आणि मग नव्वदीत, तो भराव हळूहळू उपसला. उपसतानाही धास्ती होतीच, कारण वर गढी उभी आणि खालची माती काढायची! ठिकठिकाणी आधार द्यावे लागले, ते आजही दिसतात.

पंचवीस वर्षं मी पन्हाळा-विशाळगडाच्या वाटा तुडवतो आहे. तटाच्या सांध्यात पिंपळानं मुळी घातली की दहा-पंधरा पावसाळ्यांत चिरा कसा निखळतो, हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणून अक्कोच्या अंगणात उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा नजर चिऱ्यांवरच गेली. पिवळसर वालुकाश्म, कडा अजून धारदार. पावसानं, वाऱ्यानं, झाडानं त्यांना हातच लावलेला नाही. मी तळवा टेकवला. थंड आणि किंचित खरबरीत लागला.

अंगण ऐसपैस आहे. त्याच्या चारी बाजूंनी दालनं. उत्तरेकडे एकापुढे एक अशी कमानीच्या छताची लांबलचक दालनं लागतात. त्यातल्या एकाच्या छतात सिमेंटचं थिगळ आहे. वरच्या गढीचा ब्रिटिशांनी तुरुंग केला होता. तिथल्या ज्यू भूमिगत कैद्यांनी पळून जाण्यासाठी जमीन खणली, ती नेमकी या दालनाच्या छतातून खाली उतरली, पण खाली सगळा भराव, पुढं जायला वाटच नाही, असं सांगतात. त्याच तुरुंगातून ४ मे १९४७ ला भिंत सुरुंगानं उडवून झालेली सुटका मात्र इतिहासात प्रसिद्ध आहे. या गढीत १८६८ पासून बहाई पंथाचे संस्थापक बहाउल्लाह कैदेत होते. त्यांची कोठडी बहाईंना तीर्थासारखी. पाचगणीला बहाईंची जुनी शाळा आहे, त्यामुळे हे नाव आपल्याकडेही अगदीच अनोळखी नाही.

दक्षिणेकडचं भोजनगृह हे सगळ्यात देखणं दालन. मधोमध तीन गोल खांब, एकेक इतका जाड की लेक आणि मी दोघांनी मिळून कवेत घ्यायचा प्रयत्न केला तरी निम्म्यालाही पुरलो नाही. वर सुमारे दहा मीटर उंचीवर फासळ्यांसारख्या कमानी एकमेकींना भेटतात. कोपऱ्यात दगडात कोरलेली लिलीची फुलं आहेत. ही फ्रान्सच्या राजघराण्याची खूण, आणि सातवा लुई ११४८ मध्ये अक्कोला आला होता त्याच्याशी तिचा संबंध जोडतात. पूर्वी या दालनाला तळघरच समजत, कारण भराव इतका वर आला होता की माणसं खांबांच्या माथ्याजवळ चालत. खांबाच्या पायाशी उभं राहून वर बघताना मी तेच मनात आणत होतो, की दोनेकशे वर्षं ही सगळी उंची मातीनं भरलेली होती.

सरदार जेवायचे ते वाडगेही उत्खननात ढिगानं सापडले. साधे, बिनझिलईचे, ओबडधोबड. एकाच घडणीचे शेकडो वाडगे, म्हणजे पंगतीचीच भांडी. लढवय्यांचा किल्ला म्हणून मी तलवारी-चिलखतांची अपेक्षा घेऊन गेलो होतो. पण मला धरून ठेवलं ते या वाडग्यांनी, शौचकूपांच्या रांगेनं आणि साखरेच्या मडक्यांनी. शौचकूपांचा तर स्वतंत्र मनोराच आहे. रांगेनं बैठका आणि खाली मैला वाहून नेणारी गटारं. शेकडो माणसं आणि येणारे यात्रेकरू एका जागी राहायचे, तर आधी याची सोय लागते. आपल्याकडे रायगडावर शौचकूप दाखवतात तेव्हा लोक हसत पुढं जातात. खरं तर बांधणाऱ्यानं किती विचार केलाय हे तिथंच कळतं.

आता मडकी. काचेमागं निमुळती, शंकूच्या आकाराची मातीची भांडी मांडलेली होती आणि शेजारी फुगीर पोटाचे रांजण. लेक पाटी वाचून दाखवायला लागली, पण मला पाटीची गरजच पडली नाही. शंकूच्या टोकाला भोक होतं आणि ते टोक रांजणाच्या तोंडात बसेल अशीच दोघांची मापं.

मी शिरोळ तालुक्यातला. आमचं गुऱ्हाळ होतं. चरकातून रस निघायचा, काहिलीत पडायचा, खाली चुलवाणात चिपाडं जळायची. भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी गुळव्या झाऱ्यानं काढत राहायचा. रस तांबूस होऊन बुडबुडे जड झाले की काहील उतरवायची. सगळा पाक घोटून ढेप घालायची, त्यातलं काहीच वेगळं काढायचं नाही, तर तो गूळ. इथले लोक मात्र एक पायरी पुढं जायचे. उसाचा रस तांब्याच्या कढईत आटवायचा आणि दाणा धरायच्या बेताला आला की या शंकूत ओतायचा. मग वाट बघायची. साखरेचे दाणे शंकूत धरत जायचे आणि काकवीसारखा काळसर पाक भोकातून थेंब थेंब खालच्या रांजणात गळायचा. पाक निथळला की शंकू उपडा करून साखरेचा घट्ट सुळका बाहेर काढायचा.

अक्कोच्या आसपासच्या ओलिताच्या जमिनीत तेव्हा ऊस पिकायचा आणि हॉस्पिटलरांची स्वतःची साखर होती. युरोपात साखर तोवर औषधासारखी, तोळ्यामाशानं मिळणारी चीज. पहिल्या क्रुसेडचे उपाशी सैनिक आजच्या लेबनॉनमधल्या त्रिपोलीच्या बाजूला आले तेव्हा शेतातला ऊस मोडून चघळत होते, हे त्या काळच्या वृत्तांतात नोंदलेलं आहे. रुग्णालय चालवणाऱ्या या साधू-सरदारांना साखर दवापाण्यालाही लागायची आणि विकायलाही. आणि हा शब्द? संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर आणि तिथून युरोपच्या भाषांत. आपला खंड अरबीत कंद झाला आणि पुढं इंग्रजीत कँडी. त्या काचेसमोर मी चांगली वीस मिनिटं उभा होतो. शब्द आपल्याकडून निघाला, ऊसही पूर्वेकडूनच आला आणि दोन्ही इथं या किनाऱ्यावर सरदारांच्या कोठारात येऊन बसले. आमच्या वडिलांना हे दाखवायला हवं होतं. ते गेले त्याच्या आधीच गुऱ्हाळ बंद पडलं. काहील भंगारात गेली ती मीच विकली, आणि ते मला अजून लागतं.

लेक शेजारी येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा भोक बघून लगेच म्हणाले असते, निथळायला चार दिवस लागतील."

पुढचं थोडक्यात सांगतो. हॉस्पिटलरांच्या किल्ल्यापासून पाच-सात मिनिटांवर टेंप्लर नावाच्या, अशाच दुसऱ्या पंथातल्या साधू-सरदारांचा बोगदा आहे. त्यांचा स्वतःचा किल्ला समुद्राच्या कडेला होता, तो आता पाण्यात गेलाय. पण किल्ल्यापासून बंदरापर्यंतचा साडेतीनशे मीटरचा बोगदा शिल्लक आहे. १९९४ मध्ये एका बाईंच्या घराची सांडपाण्याची वाट तुंबली, तिचा शोध घेताना तो हाती लागला! एका टोकाला वाकून चालावं लागतं, बाजूनं पाणी वाहत असतं. मला गुडघ्यांमुळे जड गेलं, पण चुकवू नका.

जझ्झार पाशाची १७८१ ची मशीद किल्ल्यासमोरच आहे, हिरव्या घुमटाची. आत शांत वाटतं. बाजार अरुंद आणि गजबजलेला, मसाल्यांच्या राशी, ताजी मासळी. दुपारी हुमुस आणि गरम रोटी खाल्ली. वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. दुकानातले काका अरबीत बोलायचे, लेक हिब्रूत उत्तर द्यायची आणि दोघांचं छान जमायचं. हे गाव मिश्र वस्तीचं आहे. जुन्या तटाच्या आत बहुतेक घरं अरबांची. किल्ला त्यांच्या घरांच्या खाली, त्यांच्या अंगणांच्या कडेला पसरलेला आहे. तेव्हा मोठ्यानं बोलत, दारांतून डोकावून फोटो काढत फिरू नये, एवढं आपल्या मंडळींना आवर्जून सांगावंसं वाटतं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी गाडी धरून बेत आखू नका, कारण त्या वेळी गाड्या बंद असतात. आणि किल्ल्यात तिकिटाबरोबर कानाला लावायचं यंत्र मिळतं ते घ्या, पण एकदा ते काढून भोजनगृहात नुसतं उभं राहा. पावलांचा आवाज छताला जाऊन परत येतो.

संध्याकाळी समुद्राच्या तटावर बसलो. पोरं तटावरून धडाधड पाण्यात उड्या टाकत होती. फेब्रुवारीचा गारठा त्यांना काहीच वाटत नव्हता. समोर उपसागरापलीकडे हैफाचे दिवे लागायला लागले. तिथूनच मी घरी थोरल्या भावाला फोन लावला. दादांनी उभी हयात गुळव्या म्हणून काढली, आता पंचाहत्तरीचे आहेत. किल्ल्याचं, राजांचं, वेढ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी हूं हूं केलं. मग मडक्यांचं सांगितलं. ते एकदम गप्प झाले.

"भोक केवढं होतं?" त्यांनी विचारलं.

"बोट जाईल एवढं."

"मग बुडाला आधी काहीतरी लावत असणार. गवत नाहीतर चिंधी. नाहीतर दाणा धरायच्या आतच सगळं वाहून जाईल. उद्या परत जा आणि नीट बघून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही पुन्हा अक्कोला गेलो.