बोर्नचं धुकं

ताईकडे केंब्रिजला येऊन आठवडा झाला होता. डिसेंबर, त्यामुळे चार वाजताच अंधार. त्या दिवशी सकाळी पडदा सारला तर समोरचं घरच गायब, सगळं नुसतं पांढरं. ताई म्हणाली, "अगं आज कुठे निघालीस, बस घरात, मी थालीपीठ लावते." पण मला बोर्नला आजच जायचं होतं, जे बघायचं होतं ते धुक्यातच नीट कळलं असतं.

बोर्न हे केंब्रिजच्या पश्चिमेचं खेडं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लँकॅस्टर बॉम्बरचा तळ होता, ९७ स्क्वाड्रनचा. हे पाथफाइंडरवाले, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन टार्गेटवर रंगीत फ्लेअर टाकायचे आणि मागून येणाऱ्यांना जागा दाखवायचे. बसमधून उतरून कडेकडेने चालत गेले, जुन्या रनवेच्या काँक्रीटचे तुकडे अजून आहेत, भेगांत गवत उगवलंय. समोर वीस-पंचवीस पावलं दिसत होती, त्यापुढे काही नाही. जवळच्या हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते पण कुठल्या बाजूला ते सांगता येईना. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात ढग खाली उतरतो तेव्हा ड्रायव्हर निदान पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून हळूहळू जातो. विमानाला हळू जायची तरी सोय कुठे, थांबायची तर नाहीच.

१६ डिसेंबर १९४३, गुरुवार. त्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या तळांवरून ४८३ लँकॅस्टर आणि १० मॉस्किटो, म्हणजे त्याहून लहान विमानं, बर्लिनला निघाली. एका लँकॅस्टरमध्ये सात जण, बहुतेक विशीतले. हॉलंडवरून सरळ बर्लिनचा रस्ता धरला होता आणि जर्मन फायटर किनाऱ्यापासूनच मागे लागले, २५ लँकॅस्टर गेली. खाली बर्लिनमध्येही त्या रात्री शेकडो माणसं मेली, हे सांगितल्याशिवाय मला यातलं काहीच लिहिता येणार नाही. पण जी परत आली, थंडीत गोठत, तासन् तास इंजिनांच्या आवाजात बसून, त्यांना खाली इंग्लंडच दिसेना. ढग जवळजवळ जमिनीला टेकलेले. उंची दाखवणारा काटा हवेच्या दाबावर चालतो, दाब बदलला की तो थोडा चुकतो, एरवी त्याने फारसं बिघडत नाही पण झाडांच्या शेंड्यांवरून दिवे शोधत घिरट्या घालताना तेवढी चूक जीव घेते. आणि टाकीतलं पेट्रोल संपत आलेलं, वर एकामागून एक विमानं आपापल्या नंबराची वाट बघत फिरतायत.

२९ लँकॅस्टर त्या रात्री परतल्यावर गेली. काही आपटली, काहींतून पायलटने सगळ्यांना पॅराशूटने उड्या मारायला लावल्या आणि विमान सोडून दिलं. मेलेले दीडशेच्या आसपास. एकट्या ९७ स्क्वाड्रनची अशी सात विमानं. म्हणजे बर्लिनच्या वाटेवर गेली त्याहून जास्त घराच्या दारात गेली! हे मी आधी वाचलं होतं, पण त्या काँक्रीटवर उभं राहून पुढे काहीच दिसत नसताना ते पोटात कुठेतरी गेलं.

उपाय नव्हता असंही नाही. जवळच ग्रेव्हलीच्या तळावर रनवेच्या दोन्ही कडांना पाइप टाकून त्यात पेट्रोल पेटवायची सोय होती, फायडो म्हणायचे त्याला, आगीच्या उष्णतेने धुकं वर उचललं जायचं आणि पायलटला जळत्या रेघा दिसायच्या. पेट्रोल मात्र प्रचंड लागायचं. ग्रेव्हलीतही त्या रात्री विमान आपटलंच, आगीपर्यंत पोचायला आधी ती सापडायला तर हवी ना.

परत येताना न्यूमार्केट रोडवरच्या कब्रस्तानात उतरले. लष्करी थडगी ओळीने, सगळी एकाच मापाच्या पांढऱ्या दगडाची, वर एअरफोर्सचा गरुड कोरलेला, कॅनडावाल्यांच्या दगडावर मेपलचं पान. तारखा वाचत चालले होते आणि १७ डिसेंबर १९४३ आली. दगडावर दव साचून अक्षरं नीट वाचता येईनात म्हणून शालीच्या टोकाने पुसलं. खाली घरच्यांनी कोरून घेतलेली ओळ होती, ती मी इथे लिहीत नाही, ती त्यांची आहे. मग शेजारचाही पुसला, मग त्याच्या शेजारचा.

बोटं बधिर झाली तेव्हा फोन वाजला. ताई होती. "कुठपर्यंत आलीस गं? बाहेर काही दिसत नाहीये, मला काळजी वाटतेय."

म्हटलं, "जवळच आहे ताई, येतेच."