कुंभार गल्लीतला गाळ आणि झोजिलाचा ऑपरेटर

माझा मिनी ट्रॅक्टर 24 हॉर्सपॉवरचा, फोर व्हील ड्राइव्ह. पट्टा पद्धतीच्या उसात भर लावायची, रोटर मारायचा, मोकळ्या दिवसांत शेणखत ओढायचं, एवढाच आमचा धंदा. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. पाणी उतरलं आणि शहरात जेसीबी भरपूर आले, पण जेसीबी बोळात शिरत नाही आणि शिरलाच तर वळत नाही. मग मिनी ट्रॅक्टरवाल्यांना फोन सुरू झाले. डिझेल बोलावणाऱ्यांचं, मजुरी मी घेतली नाही. ताशी दर लावून एका कोपऱ्यातला गाळ दुसऱ्या कोपऱ्यात सरकवणाऱ्या जेसीबीवाल्यांबद्दल न बोललेलंच बरं.

निघताना आमचे आण्णा मडगार्डवर चढून बसले. आण्णा म्हणजे माझे चुलत चुलते. सीमा सडक संघटनेत, म्हणजे ग्रेफमध्ये, डोझर ऑपरेटर होते. नोकरीचा बराच काळ श्रीनगर-लेह रस्त्यावर झोजिलाच्या बाजूला गेला. साडेअकरा हजार फुटांवरची ती खिंड हिवाळ्यात बंद पडायची आणि वसंतात यांचे डोझर आणि स्नो कटर ती उघडायचे. गावात ते सांगायला लागले की पोरं उठून जातात. मीही उठलोय.

शाहूपुरीत पोचल्यावर मी लेव्हलर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं माती सारायचं पातं, खाली सोडणार, तेवढ्यात आण्णांनी हात वर केला. "लेका, ढीग कुठं लावणार ते आधी सांग. मग गिअर टाक."

मी गटाराकडं बोट दाखवलं. त्यांनी अशी काही नजर टाकली की मी बोट खाली घेतलं. खिंडीत बर्फ दरीच्या अंगाला टाकतात. डोंगराच्या अंगाची चर बुजवली तर ऊन पडल्यावर पाणी रस्त्यावर येतं आणि रात्री त्याची काच होते. इथं गटार बुजवलं असतं तर पुढच्या सरीला गल्ली परत पाण्यात. शेवटी गल्लीच्या तोंडाशी मोकळी जागा सापडली, तिथं डंपर लागत होता. तिथंच ढीग लावायचा ठरला.

दुसरी गोष्ट पात्याची. शेतात ट्रॅक्टर पुढं, लेव्हलर मागं. गल्लीत तसं गेलं तर चारी चाकं आधी गाळ दाबतात आणि मागून येणारं पातं वरची साय काढतं; खालचा थर फरशीला चिकटून राहतो. आमच्याकडं पुढं डोझरचं पातं लावलेले मिनी ट्रॅक्टर जवळजवळ नाहीतच. आण्णांनी पिन काढायला लावली, पातं अर्धा फेरा फिरवून उलटं बसवलं आणि सांगितलं, रिव्हर्सनं जायचं. म्हणजे पातं आधी, चाकं नंतर, आणि माझी मान दिवसभर मागं वळलेली. यात धोका आहे. पातं ज्यांना जोडतात त्या खालच्या दोन लिंक, म्हणजे लोखंडी दांडे, ओढण्यासाठी केलेल्या असतात, ढकलण्यासाठी नाही. पातं कशाला अडलं आणि पाय क्लचवर नसला तर लिंक वाकते. म्हणून लिंक आडव्या हलू नयेत यासाठीच्या चेक चेन ताणून घेतल्या, लो गिअर टाकला, आणि पूर्ण पात्याचा घास घ्यायचा नाही असं ठरलं. टॉप लिंकचा, म्हणजे वरच्या तिसऱ्या दांड्याचा, एक फेरा कमी-जास्त केला की पातं रुततं किंवा नुसतं खरवडतं, हे मला उसाच्या रानात इतक्या बारकाईनं कधी कळलं नव्हतं.

तिसरं काम मला सगळ्यात आवडलं. पात्याच्या दोन टोकांना आण्णांनी उद्यमनगरातून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, बूट वेल्ड करून आणले, गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचे तुकडे वाकवून. बर्फाच्या पात्याला असे बूट असतातच, म्हणजे धार जमिनीपासून बोटभर वर राहते आणि खडीत रुतत नाही. इथं खडीच्या जागी चेंबरची झाकणं आणि पेव्हर ब्लॉक. मग उरलेल्या बोटभर फटीसाठी साखर कारखान्याच्या कन्व्हेयरचा टाकाऊ पट्टा कापून बोल्टनं लावला. पातळ गाळ त्या रबरानं असा निघाला की खालची फरशी दिसली. बायका दारात येऊन बघायला लागल्या. उद्यमनगरातल्या माणसाला काम सांगितलं की तो ड्रॉइंग मागत नाही, हे कोल्हापूरचं मोठं सुख आहे.

वजनाचं मात्र आण्णांनाही नवल वाटलं. ताजं भुसभुशीत बर्फ एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, म्हटलं तर अडीच-तीन क्विंटल. ओला गाळ एक ब्रास म्हणजे साडेचार-पाच टन, आणि माझा ट्रॅक्टर सगळा मिळून एक टनाच्या आत. चाकांच्या नक्षीत गाळ भरला की टायर गुळगुळीत होतो आणि जागेवर फिरतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं होतं म्हणून निभावलं.

वास, गमबूट, लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या, हे सगळ्यांनी भोगलंय, ते लिहीत नाही.

कुंभार गल्लीत शिरलो तेव्हा दुपार टळत आली होती. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला. म्हणजे घराघरांत मूर्ती रंगात आलेल्या असताना पाणी शिरलेलं. शाडूच्या विरघळून गाळातच मिसळल्या होत्या. प्लास्टरच्या तेवढ्या शिल्लक, भिजून मऊ झालेल्या, रंग सुटलेल्या, आणि पाण्यानं दारातून बाहेर काढून गल्लीभर पसरलेल्या. कुठं सोंड, कुठं आशीर्वादाचा हात, कुठं पाटासकट आख्खी बैठक. त्याच्या मधून मला पातं न्यायचं होतं.

मी इंजिन बंद केलं.

आण्णा म्हणाले, "ढकल. आज ऊन पडलंय. उद्या हा गाळ पातं धरणार न्हाई." ज्याच्या मूर्ती होत्या तो कुंभार दारात उभा होता. तोही म्हणाला, "ढकला दादा. प्राणप्रतिष्ठा झालेली न्हाई, अजून ती मातीच हाय." दोघंही बरोबर होते. आणि गल्लीच्या तोंडाशी जमलेले लोक मोबाईल वर धरून ओरडत होते, "गणपतीवर ट्रॅक्टर घालतोस काय रं!"

तो कुंभार त्यांच्यावर उखडला. "मग उचला की तुम्ही! या की आत!" दोघं-तिघं पॅन्ट वर करून आत आले. बाकीच्यांना अचानक कामं आठवली. त्या दोघा-तिघांनी, कुंभाराच्या घरच्यांनी आणि आम्ही मूर्ती हातानं उचलून ट्रॉलीत ठेवल्या, वर ताडपत्री टाकली. ओली प्लास्टरची मूर्ती उचलताना हातात तुटते. तुटली की तो कुंभार "असू दे" म्हणायचा. किती पैशाचं होतं ते मी विचारलं नाही.

मूर्ती हलल्यावर पातं चालवलं, तर बूट असूनही ते धाडकन अडलं. गाळाखाली प्लास्टरची पोती होती. पाणी लागल्यावर प्लास्टर पोत्यातच दगड होतं, पोत्याच्या आकाराचं. आण्णा खाली वाकून बघत बसले. झोजिलावर हिमस्खलनाच्या ढिगात खडक आणि झाडांचे बुंधे असतात, म्हणून तिथं माणूस पुढं चालत जातो. मग आण्णाच पहार घेऊन पुढं टोचत चालले आणि मी मागून रिव्हर्समध्ये, पावलापावलानं. गल्ली मोकळी होईतो अंधार पडला.

पुढची गल्ली राहिली. दुसऱ्या दिवशी तिथला गाळ खरंच बसला होता. रबर त्याच्यावरून घसरायला लागलं. रबर काढलं, बूट काढले, नुसत्या धारेनं खरवडलं तर गाळाबरोबर पेव्हर ब्लॉक उखडून आले. शेवटी कुदळी मागवल्या. तिथला एक किराणावाला, ज्याची डाळ-तांदळाची पोती आत कुजत होती, मला म्हणाला, "देवांची सोय झाली, आता माणसांकडं आलात व्हय?"

मला त्याला उत्तर देता आलं नाही. आण्णांना नंतर विचारलं तर ते म्हणाले, खिंडीत कॉनव्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, खोळंबलेला असतो, तिथं विचार करायला कुणी थांबत नाही. पण पहार घेऊन तेच पुढं चालले होते, आणि मूर्ती उचलताना पायातले गमबूट त्यांनी काढून ठेवले होते. ते मी पाहिलंय. ते काही मान्य करत नाहीत.

जुलै 2021 मध्ये परत पाणी आलं. उतरल्यावर पहिला फोन त्या किराणावाल्याचा. "ह्या वेळी आधी आमच्यात." आण्णा म्हणाले, जा. बूट आणि पट्टा तेच लावले. त्याच्या गल्लीला जायची वाट मात्र कुंभार गल्लीतूनच आहे. तिथं या खेपेला मूर्ती माडीवर चढवलेल्या होत्या. प्लास्टरची पोती खालीच.