मंडलाची सरासरी म्हणजे शहराचा आकडा नव्हे : आयएसओ ३७१२० साठी माहिती जमवताना

आमच्या महानगरपालिकेने आयएसओ ३७१२० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शहराची माहिती त्रयस्थ संस्थेकडून पडताळून घ्यायचे ठरवले, तेव्हा संकलनाची जबाबदारी माझ्याकडे आली. २०१४ मध्ये आलेले आणि २०१८ मध्ये सुधारलेले हे मानक शहराला कोणतेही उद्दिष्ट ठरवून देत नाही. दर लाख लोकसंख्येमागे अग्निशमन जवान किती, रुग्णखाटा किती, पुरवलेल्या पाण्यापैकी किती टक्के वाया जाते, हे सर्व शहरांनी एकाच व्याख्येने मोजावे, एवढाच त्याचा आग्रह आहे. पालिकेच्या स्वतःच्या विभागांची माहिती सुरळीत मिळाली. अडले ते विजेपाशी.

वर्षभरात शहरातला वीजपुरवठा सरासरी किती तास खंडित झाला, हे मानकाला हवे असते. वीजवितरण आमच्या हाती नसल्याने संबंधित कार्यालयाला आयुक्तांच्या सहीचे पत्र दिले, त्यावर आवक क्रमांक पडला आणि तिथेच ते थांबले. उपविभागाने मंडल कार्यालयाकडे, म्हणजे अनेक तालुक्यांचा वीजपुरवठा पाहणाऱ्या वरच्या कार्यालयाकडे, बोट दाखवले, मंडल कार्यालयाने मुख्यालयाची परवानगी मागितली, आणि मुख्यालयातून ही माहिती स्थानिक पातळीवरच उपलब्ध असल्याचे कळवण्यात आले. अनेक स्मरणपत्रांनंतर हाती आली ती संपूर्ण मंडलाची एक सरासरी. त्या मंडलात शेजारचे तालुके होते, शेतीपंपांच्या वाहिन्या होत्या, आणि तिथल्या भारनियमनाचे तास आमच्या शहराच्या खात्यावर जमा झाले होते. तो आकडा पाठवणे म्हणजे शहराविषयी खोटे लिहून देणे होते, म्हणून मी तो परत केला. त्या कार्यालयाविषयीचा माझा राग अजून गेलेला नाही, कारण राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांप्रमाणे पुरवठ्याच्या विश्वासार्हतेच्या नोंदी वितरण कंपनीला ठेवाव्याच लागतात. माहिती त्यांच्या दप्तरात होती. ती शहराच्या हद्दीप्रमाणे वेगळी करण्याची तयारी कोणाची नव्हती.

वाट दाखवली ती उपकेंद्रावरच्या एका कनिष्ठ अभियंत्याने. “सर, सरासरी मागूच नका, अकरा केव्हीच्या फीडरची यादी मागा,” असे तो म्हणाला. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून एकेका भागाला वीज पोचवणारी वाहिनी. प्रत्येक फीडरवरील ग्राहकसंख्या, पुरवठा बंद पडल्याची वेळ आणि तो पूर्ववत झाल्याची वेळ एवढे तीन रकाने मिळाल्यावर आमच्या जीआयएस (संगणकीय नकाशांच्या) कक्षाने ते फीडर पालिकेच्या हद्दीच्या नकाशावर बसवले. हद्द ओलांडणाऱ्या फीडरवरचे ग्राहक रोहित्रांनुसार वेगळे केले, आणि प्रत्येक खंडाचे तास बाधित ग्राहकांच्या संख्येने गुणून त्या बेरजेला शहरातील एकूण ग्राहकसंख्येने भागले. या गणिताची टिपणी आणि स्वाक्षरीची मूळ यादी जोडल्यावर पडताळणी करणाऱ्यांनी एकही शंका काढली नाही. त्या दिवशी मला मनापासून अभिमान वाटला.

इतर शहरांतील सहकाऱ्यांना माझे सांगणे असे की बाहेरच्या कार्यालयांची पत्रे सर्वांत आधी पाठवा आणि सोबत रिकामा तक्ता जोडा; मोघम मागणीला मोघम उत्तर येते. तोंडी आकडा, मग तो कितीही वरिष्ठ अधिकाऱ्याने दिलेला असो, पुरावा म्हणून चालत नाही. लोकसंख्येचा प्रश्नही सुरुवातीलाच मिटवा. पूर्ण झालेली शेवटची जनगणना २०११ ची आहे. त्यानंतर हद्दवाढ झाली असेल, तर अंदाजित लोकसंख्या कशी काढली हे लिहून ठेवा आणि सर्व विभागांना तीच संख्या वापरायला लावा, अन्यथा दरडोई पाणी एका लोकसंख्येवर आणि रुग्णखाटा दुसऱ्याच लोकसंख्येवर निघतात. खाजगी रुग्णालयांच्या खाटांसाठी शुश्रूषागृह नोंदणीचे दप्तर आपल्याच आरोग्य विभागात असते, हे आमच्याकडे फार उशिरा कोणाच्या तरी लक्षात आले.

स्मार्ट शहरांसाठीच्या २०१९ च्या आयएसओ ३७१२२ चा प्रस्ताव आता आमच्याकडे आला आहे. त्यात स्मार्ट वीजमीटर बसवलेल्या इमारतींचे प्रमाणही द्यावे लागते, म्हणजे पुन्हा त्याच कार्यालयाचे दार. या वेळी माहितीचा नमुना आणि ती देण्याची मुदत दोन्ही कार्यालयांच्या संयुक्त बैठकीच्या इतिवृत्तात आधी नोंदवून घ्यावी, असे मी आयुक्तांना लेखी कळवले आहे.